रागातली जादा व्यंजने

संशोधिकेचा प्रबंध लिहून झाला होता. घोडे अडले होते ते मंडळाच्या संमतीपाशी. तिबेटी-ब्रह्मी कुळातल्या ज्या लहानशा भाषेचे व्याकरण तिने सिद्ध केले, ती बोलणारी माणसे या शहरात मूठभर. पण त्यांचे मंडळ मोठे कडक. ध्वनिमुद्रणे वापरायची असतील तर सभेपुढे उभे राहून, त्यांच्याच भाषेत परवानगी मागायची, असा नियम. परवानगी नाही तर प्रबंधही नाही.

तिला त्याची धास्ती नव्हती. गेली दोन वर्षे ती ही भाषा बोलणाऱ्या मावशी आणि काकांच्या इस्त्रीच्या दुकानात ठाण मांडून होती. नात्याने ही दोघे तिची कोणी नव्हेत. पण कपड्यांच्या गठ्ठ्यांत जागा करून मावशीने तिला स्टुलावर बसवले, त्या दिवसापासून ती घरचीच झाली. काका कॉलरींवर पाणी शिंपडत, मावशी घड्या घाली आणि ही मायक्रोफोन पुढे धरून विचारी, "मावशी, 'मला भूक लागली' कसं म्हणाल?" मग मावशी हातातली घडी बाजूला ठेवून, मान तिरकी करून, मधाळ आवाजात सांगे.

त्या आवाजातूनच सिद्धांत जन्मला. या कुळातल्या भाषांत शब्दाच्या आरंभी एकेकाळी व्यंजनांची दाटी असे. काहींनी ती जपली, काहींत ती झिजली आणि तिचे काम सुरांच्या चढउतारांनी पत्करले. या भाषेत तर दाटी औषधालाही उरली नव्हती. शिवाय निम्मे शब्द दोनदा उच्चारले जात. म्हणजे ही आपल्या बहिणींपासून फार पूर्वीच वेगळी निघाली असणार! मार्गदर्शक सर हे ऐकून खुर्चीतून उठलेच होते. दाताखाली खडा येई तो एकच: मावशी-काकांचे भांडण जुंपले की शब्दांत कुठून कोण जाणे व्यंजने घुसत. त्यावर तिने तळटीप देऊन टाकली होती: 'रागाच्या भरात शब्दारंभी जादा व्यंजने येतात.'

सभेत ती उभी राहिली आणि पाठ केलेले भाषण एकदाही न अडखळता म्हणू लागली. पहिल्या वाक्याला कोणी खोकले. दुसऱ्याला मागच्या रांगेतल्या एका बाईंनी तोंडात रुमाल कोंबला. तिसऱ्याला अध्यक्ष, एक निवृत्त कंपाउंडर, हसता हसता कवळी सावरू लागले.

"माझं काही चुकलं का?" तिने शहराच्या रोजच्या भाषेत विचारले.

"छे, छे! सूर अगदी आमचेच," अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले. "पण तू आत्ता काय म्हणालीस, ठाऊक आहे? 'मोथ्या मोथ्या काकांनो, तुमचं बोलू-बोलू मी दब्यात भलून थेवलंय. ते भुल्ल नेऊ? नेऊ ना? नाहीतल मला बाऊ होईल.'"

सभागृह फुटले. संशोधिकेने मावशीकडे पाहिले. मावशी काकांच्या पाठीआड सरकू पाहत होती.

"मावशी, हिच्याशी तू असं बोलत होतीस?" अध्यक्षांनी विचारले.

"मग कसं बोलणार? आली तेव्हा 'हे काय, ते काय' एवढंच यायचं तिला. दीड वर्षाच्या पोरासारखी! अशा जिवाशी मोठ्यांसारखं बोलवतं का?"

"मी हिला बजावत होतो," काका म्हणाले.

"काय बजावत होतात? चहा देताना 'तातं तातं' कोण म्हणायचं?" मावशी उसळली. मग आवाज खाली आला. "आपली नातवंडं फोनवर नुसतं हाय-बाय करतात. आपलं बोलणं त्यांना कळत नाही. तोंडात साठलेले लाड करायचे तरी कुणाचे?"

हसू थांबले. संशोधिकेला सारा प्रबंध डोळ्यांपुढे दिसला. भाषा झिजली नव्हती. तिच्यासाठी मऊ करून भरवली होती. मोठ्या माणसांची खरी भाषा अख्ख्या ग्रंथात होती ती एका तळटिपेत.

अध्यक्षांना तिची दया आली. "हे बघ पोरी, आम्ही सही करून टाकतो. विद्यापीठात कुणाला कळतंय? तुझी डिग्री होऊन जाऊ दे."

तिने कागदाकडे पाहिले. सरांचा उजळलेला चेहरा आठवला, आणि तो उतरलेला कसा दिसेल तेही. हात पेनापर्यंत गेला.

"आणि उद्या कुणी माझं पुस्तक वाचून तुमच्याशी बोलायला आलं तर?"

"येईल, आणि आम्हाला काऊ-चिऊ दाखवेल," मागून कोणी म्हणाले.

तिने पेन खाली ठेवले. "सही नको, साहेब. सरांना मी सांगेन काय ते. मला पहिल्यापासून शिकवा. पण लाड न करता."

"मग शुभस्य शीघ्रम्!" अध्यक्षांनी खुर्ची पुढे ओढली आणि आठ या आकड्याचा शब्द उच्चारला. त्याच्या तोंडाशी तीन व्यंजने एकमेकांच्या खांद्यांवर चढून बसली होती. सगळी सभा तिच्या ओठांकडे पाहू लागली. तिने श्वास घेतला, जीभ लावली; दोन व्यंजने निघाली, तिसरे घशातच घसरले.

मावशीने टाळ्या पिटल्या. "शाब्बाश ले माझं शोनं!"

"मावशी!" अख्खे सभागृह ओरडले.

मावशीने चटकन हात मागे घेतले. "परत म्हण," ती जमेल तितक्या खडूस आवाजात संशोधिकेवर डाफरली, आणि लगेच काकांच्या कानाशी लागून कुजबुजली, "फार लागलं नसेल ना हो तिला?"