दोन्ही डोळे

हवालदार टॅगर्ट साक्षीदाराच्या खुर्चीत बसून पाढे म्हणावेत तसं सांगत होता, "टायर रस्त्याकडेच्या पांढऱ्या रेषेला लागलं, म्हणून याला थांबवला. तोंडाला दारूचा वास, डोळे लाल आणि काचेसारखे, जीभ जड, चाल डळमळीत." समोर बसलेल्या व्हर्लिन स्ट्राउडच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या त्या डोंगराळ भागात दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेल्या प्रत्येकाच्या अहवालात हीच वाक्यं असायची. फक्त नाव आणि तारीख बदलायची.

खरं कारण वेगळंच होतं. शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, निवडणुकीत व्हर्लिनने अंगणात दुसऱ्या उमेदवाराची पाटी रोवली होती, आणि निवडून आलेल्या शेरीफने डूख धरला होता. मार्चमधल्या एका शुक्रवारी चर्चमधल्या उपवासकाळाच्या जेवणात तळलेले मासे खाऊन आणि एक बियर पिऊन तो भर दुपारी घरी निघाला, तर शेरीफच्या हाताखालच्या टॅगर्टने गाडी अडवली. दारू तपासायच्या यंत्रात फुंकायला सांगितलं, तेव्हा व्हर्लिन भडकून म्हणाला, "तूच फुंक." फुंकायला नकार दिला की वर्षभर लायसन्स बाद. मुळात अटकच निराधार ठरली, तरच ते वाचणार होतं. आणि ते गेलं तर त्याच्या बायकोला, ओपलला, आठवड्यातून तीनदा चाळीस मैलांवर डायलिसिसला कोण नेणार? शेरीफ थोडाच नेणार होता.

व्हर्लिनच्या वकीलबाई, मेरिडिथ, उठल्या. "डोळ्यांसमोर पेन फिरवलंत?"

"फिरवलं. प्यायलेल्याचं बुबुळ थरथरतं."

"यांचं कुठलं थरथरलं?"

"दोन्ही. डावं जरा जास्तच."

"शपथेवर बोलताय, हवालदार."

"बाई, अकरा वर्षं हेच करतोय मी."

मेरिडिथबाईंनी मान हलवली. व्हर्लिनने डाव्या पापणीखाली बोट दाबलं, डोळा बाहेर काढला आणि रुमालावर ठेवून न्यायाधीशांपुढे नेला. खरा डोळा तीस वर्षांपूर्वी लाकूड कापायच्या गिरणीत गेला होता.

न्यायाधीशांनी रुमालाकडे पाहिलं. "हा थरथरला, हवालदार? आणि लालही झाला?"

टॅगर्ट हातातला अहवाल चाळत राहिला. त्यात याचं उत्तर छापलेलं नव्हतं.

"अटकेला काहीही आधार नाही," न्यायाधीश म्हणाले. "लायसन्स यांच्याकडेच राहील."

बाहेरच्या बोळात टॅगर्ट आडवा आला. "खूश ना, काण्या? पुढच्या वेळी एकच डोळा लिहीन."

"त्यासाठी आधी बघायला शीक," व्हर्लिन म्हणाला.

घरून ओपलला घेऊन तो रस्त्याला लागला. दुसऱ्याच वळणावर आरशात टॅगर्टची गाडी दिसली.

"कोण आहे रे मागे?" ओपलने विचारलं.

"कुणी नाही," तो म्हणाला, आणि पांढऱ्या रेषेपासून हातभर लांब राहत चाळीस मैल गाडी चालवत राहिला.