अनुच्छेद सतरामधल्या मगरी

पैज मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर लागली, आणि ती मीच लावली. हे आधीच सांगून टाकतो, मागनं कोण म्हणाय नको की भावकूनं लपवलं.

आमचं गाव बेळगावाजवळच्या मच्छे गावाच्या पल्याड. प्यायच्या पाण्याची विहीर एकच, पायऱ्या उतरून पाणी भरायची. त्या पायऱ्या पार ढासळलेल्या. दोन वर्सांमागं माझी वहिनी नागुबाई भरल्या घागरीसकट तिथनं घसरली आणि घोटा मोडून बसली. तवापास्नं लंगडतीय. पाणी मात्र अजून तीच भरती.

दुरुस्ती व्हावी म्हणून आमच्या गल्लीतल्या दत्तोपंतांनी हापिसाला तीन रिपोर्ट धाडलं. पंत म्हंजे बेळगावात तीस वर्सं हेडक्लार्की करून आलेला माणूस. पहिला रिपोर्ट परत आला, का, तर डाव्या अंगाला समास कमी सोडलावता. दुसरा आला, त्यात अनुच्छेदांला आकडे न्हवते. तिसरा आला, कारण दोनच प्रती हुत्या, त्यांला तीन पायजेत. हिकडं बाईचा पाय मोडलाय आणि त्यांला समास पायजे. डोकं फिरंल न्हाय तर काय हुईल?

पंत चौथा लिवाय बसले. अठरा पानं, बावीस अनुच्छेद. त्यांचा हात थरथरतोय, म्हणून प्रती उतरून काढायचं काम माझ्याकडं. मी चौथीपतोर शिकलोय, अक्षर बरं हाय.

"पंत," मी म्हणलं, "पहिलं पान आणि शेवटचं पान. मधलं कोण बघत न्हाय. लावता पैज?"

"अरे, सरकारी कागद आहे तो. एकेक ओळ वाचली जाते."

"मग मधी एक ओळ मी माझी घालतो. त्यांनी ती वाचली असं उत्तरात दिसलं तर मी हरलो. न्हाय दिसलं तर तुमी."

कट्ट्यावरचा मष्णू लगेच पुढं सरकला. त्याला असल्या कामात लई उत्साह. त्यानं पैज ठरवूनच टाकली: हरंल त्यानं बाजाराच्या दिवशी, भर उजेडात, डोक्यावर घागर घेऊन गल्लीतल्या बारा घरांचं पाणी भरायचं. बायका भरत्यात तसं.

पंतांचं नाक लाल झालं. "घाल तुझी ओळ. ते खुलासा मागतील, मी देईन. त्या निमित्तानं प्रकरण साहेबाच्या डोळ्यांखालून तरी जाईल."

मी अनुच्छेद सतरात, पंतांच्याच भाषेत, झोकात लिवलं: 'सदर विहिरीत दोन मगरी वास्तव्यास असून त्यांजपासून ग्रामस्थांस अद्याप उपद्रव झालेला नाही.' तिन्ही प्रतींत लिवलं. त्या विहिरीत मे महिन्यात बेडकाला पोहायपुरतं पाणी नसतंय, मगर कुठली आलीय. चार दिवस मी एकटाच हसत हिंडत हुतो.

दीड महिन्यानं उत्तर आलं. पंतांनी कट्ट्यावर चष्मा लावून मोठ्यानं वाचाय घेतलं.

"'अहवालाचे बारकाईने अवलोकन करण्यात आले. पायऱ्यांची दुरुस्ती मंजुरीस पात्र आहे.'"

कट्ट्यावर टाळ्या पडल्या. मी मष्णूला कोपर मारलं, जिंकलोच म्हणून. पंत मात्र पुढं वाचता वाचता हळू झाले.

"'तथापि अनुच्छेद सतरामधील मजकूर पाहता, सदर विहीर वन्य प्राण्यांचे वास्तव्यस्थान ठरत असल्याने काम स्थगित ठेवून प्रकरण जंगल खात्याकडे अभिप्रायार्थ वर्ग केले आहे. तोवर ग्रामस्थांनी मगरींस इजा करू नये.'"

कोण हसलं न्हाय. मष्णूसुद्धा न्हाय.

दुसऱ्या दिवशी मी सायकल हाणत हापिसात गेलो. हापिसाचं नाव सांगत न्हाय, त्यांला आणि एक कागद कशाला. कारकुनाम्होरं हात जोडून म्हणलं, "साहेब, मगरी न्हाईत. ती माझी खोडी हुती."

"मग तसं लेखी द्या. मगरी नसल्याचा स्वतंत्र अहवाल. तीन प्रती."

"तुमी एकदा बघाय चला की. सायकलीवर तासाचं काम."

"पाहणी आता आमच्याकडं नाही. जंगल खातं करील."

"कवा?"

"पावसाळ्यानंतर पत्र टाका."

त्यांनी वाचलं, बाबांनो. अठराच्या अठरा पानं वाचली. विहिरीत मगर हाय हे वाचून जो माणूस जागचा उठत न्हाय, त्याला बाई पडली हे वाचून काय हुणार हुतं? संतापानं मला घाम फुटला. पण भांडू कुणासंगं? ओळ माझी, अक्षर माझं.

बाजाराच्या दिवशी सगळी गल्ली विहिरीवर जमली. पंत म्हणाले, "राहू दे, भावकू. मला असलं जिंकणं नको."

"ऱ्हाऊ दे कसं?" नागुबाई वहिनी म्हणाली. "भरू द्यात की, भावजी. आमी रोजच भरतोय."

तिनं आपली घागर माझ्या हातात दिली. मी उतराय लागलो. तिसऱ्या पायरीवरच पाय सटकला. वर पोरीबाळी फिदीफिदी हसल्या.

"डाव्या अंगानं," वहिनी वरनं सांगाय लागली. "सातवी न्हाईच, तिथं भिंतीला हात लावा. बारावी हलती, तिच्यावर उभं ऱ्हाऊ नगा."

"वहिनी, मोडक्या पायऱ्या पाचच हाईत न्हवं?"

"कुणी सांगितलं?"

"रिपोर्टात हाईत."

"नऊ हाईत. कुणी उतरून बघितलंतं?"

मी वर बघितलं. पंत काठावर उभे हुते, त्यांनी मान खाली घातली. चार रिपोर्ट, अठरा पानं, तीन प्रती, आणि आमच्या दोघांतला एकबी जण त्या विहिरीत उतरला न्हवता. त्या कारकुनाला शिव्या घालत मी सायकलीवरनं अख्खा रस्ता आलतो. त्या शिव्या तिथं, घागर बुडवता बुडवता, निम्म्या माझ्याकडं वळल्या.

वर आलो तवा घागर अर्धी सांडलेली, सदरा भिजलेला, गुडघा फुटलेला. बाजाराला निघालेली माणसं बैलगाड्या थांबवून बघत हुती.

"ही धरायची न्हाय," राजाबाई म्हातारी म्हणाली. बारातलं पहिलं घर तिचंच हुतं. "आमच्याकडं काठोकाठ लागती."

माणसं हसली. मीबी हसलो, पण लई न्हाय. वहिनीनं चुंबळ माझ्या डोक्यावर नीट बसवून दिली, आणि मी परत डाव्या अंगानं उतराय लागलो.