खऱ्या ड्रायव्हरचं मत

रविवारी सकाळी जुन्या सागा गाड्यांचा क्लब मलेशियातल्या इपो शहरात एका मामाकच्या, म्हणजे तमिळ मुसलमानाच्या, हॉटेलात जमायचा. जमायचा म्हणजे काय, फेसाळ चहा, रोटी चनाई आणि भांडण. गाड्या बाहेर ओळीनं लख्ख पुसून उभ्या, आणि मालक आत टेबलं जोडून एकमेकांच्या उरावर बसलेले. त्या रविवारी तर विषयही झकास मिळाला होता. एका कंपनीनं पुढच्या काळातल्या गाडीचा नमुना बनवला होता आणि त्याचे फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरत होते. आरसे नाहीत, त्यांच्या जागी कॅमेरे. म्हाताऱ्या माणसाला उतरता यावं म्हणून सीट दाराकडे वळते. आणि कडेनं काही आलं, की ती सीटच त्या बाजूच्या खांद्याला थरथरून सांगते, बाबा, इकडे बघ.

तरुण पोरं म्हणत होती, भारी आहे. जुनी खोडं म्हणत होती, पैसे उकळायचे धंदे. शेवटी सगळे चेगूंकडे बघायला लागले, कारण शेवटी सगळे चेगूंकडेच बघायचे.

चेगू म्हणजे गुरुजी. रझमान हे त्यांचं नाव फक्त कागदावर उरलं होतं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांनी उभी हयात घालवली, आणि क्लबातल्या निम्म्या लोकांच्या हातात पहिल्यांदा स्टिअरिंग दिलं ते त्यांनीच. शाळेच्या मैदानात खांब रोवलेले असत, त्यांच्यामधून गाडी काढायची. खांबाला गाडी नुसती घासली तरी चेगू त्या शिकाऊ माणसाला परीक्षेला बसू देत नसत. रडा, हातापाया पडा, आजी वारली म्हणून सांगा, काही उपयोग नाही. खांबाला लागली, विषय संपला, एवढंच म्हणायचे. लोक त्यांना शिव्या घालायचे आणि पुढे जन्मभर त्यांचं नाव अभिमानानं सांगायचे.

चेगूंनी चहाचा घोट घेतला, मुद्दाम सावकाश, आणि निकाल दिला. ही गाडी नव्हे, चाकं लावलेली हॉस्पिटलची खाट आहे. पोरं टेबलावर हात आपटून हसली.

टेबलाच्या टोकाला योंग अंकल बसले होते, चेगूंचे लहानपणापासूनचे दोस्त. कमी बोलणारा माणूस. ते म्हणाले, मला ते खांद्याला सांगणारं आवडलं बुवा. संध्याकाळी डोळ्यांचा भरवसा वाटत नाही म्हणून मी अंधारात गाडी काढणं सोडलंय. असलं काही असतं तर तायपिंगला नातवाकडे जाऊन परत येता आलं असतं.

"योंग, ज्याला झेपत नाही त्यानं किल्ली खुंटीला टांगावी," चेगू म्हणाले. "त्याच्यापायी गाडी कशाला बदलायची?"

पुन्हा हशा. योंग अंकल हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी चेगूंकडे जरा वेळ पाहिलं आणि कॉफी ढवळत बसले. चेगूंनी नजर काढून घेतली. आपलं गुपित त्या गर्दीत बायकोखेरीज कुणाला ठाऊक नाही, असं त्यांना वाटत होतं.

कारण अख्ख्या इपोला गाडी शिकवणाऱ्या या माणसाला स्वतःला कडेचं दिसत नव्हतं. काचबिंदू. समोरचं स्वच्छ दिसायचं, पण उजवीकडचं अंधुक, आणि डावी बाजू तर पार गेलेली. डॉक्टरनं गाडी बंद म्हणून बजावलं, तेव्हापासून त्यांची सागा रोस्नाह चालवत होती. हीच ती बायको, जिला तरुणपणी तुला नाही जमायचं म्हणून या गुरुजींनी शेजारी बसवून कधी दोन धडे दिले नाहीत. म्हातारपणी ती कुठूनशी गुपचूप शिकली आणि लायसन्स आणून टेबलावर ठेवलं. कुणी शिकवलं, हे चेगूंनी विचारलंसुद्धा नाही. विचारायलाही तोंड पाहिजे ना.

रविवारी ती गाडी वाटेत तांबून गावातल्या पपनसांच्या दुकानांमागे थांबवायची. तिथे दोघं चोरासारखी जागा बदलायची. मग उरलेला सरळ रस्ता चेगू जीव मुठीत धरून चालवायचे आणि हॉटेलासमोर बोटात किल्ली फिरवत ऐटीत उतरायचे. दर रविवारी त्यांना स्वतःची लाज वाटायची, आणि दर रविवारी ते तेच करायचे. गाडी गेली तर आपण कोण, हा प्रश्न त्यांना काचबिंदूपेक्षा भयंकर वाटत होता.

त्याच बैठकीत क्लबच्या सेक्रेटरीनं, देवेंद्रननं, बातमी फोडली. कंपनी तो नमुना इपोत आणणार होती, आणि तोही चेगूंच्याच जुन्या मैदानात. फोटो बघून वाद घालणारे खूप झाले, आता कुणीतरी खरा ड्रायव्हर बसवून त्याचं मत घ्यायचं, असं त्यांचं म्हणणं. आधी स्वतःची गाडी चालवायची, मग ती नवी, दोन्ही त्याच खांबांमधून. देवेंद्रन कुणाचं नाव घेणार हे सांगायला नको. टाळ्या पडल्या, आणि चेगूंनी मान डोलावली.

परतताना पपनसांच्या दुकानांमागे जागा बदलून झाल्यावर रोस्नाहनं गाडी सुरू केली नाही.

"अबांग, सांगून टाका त्यांना." नवऱ्याला ती अबांग म्हणूनच हाक मारायची.

"काय सांगू? चेगू आंधळा झाला म्हणून?"

मग चेगूंनीच तोडगा काढला, आणि काढताना बायकोकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही. तू मागच्या सीटवर बस. डावीकडून काही आलं की माझ्या डाव्या खांद्याला बोट लाव, उजवीकडून आलं की उजव्या. एकेकाळी कुंपणाबाहेरून भावाला शिट्ट्या मारायला लावणाऱ्या एका शिकाऊ पोराला याच चेगूंनी शाळेतून हाकलून दिलं होतं. ते दोघांनाही आठवलं, आणि दोघंही त्याबद्दल बोलली नाहीत.

ठरल्या दिवशी मैदानावर सगळा क्लब हजर. कंपनीची हानीम नावाची तरुण इंजिनिअर बाई होती, मोठी अदबशीर. कडेनं प्लायवूडचे पुतळे दोरीनं आत ओढायची सोय केली होती, कुठे सायकलवाला, कुठे छत्रीवाली बाई. चेगू आपल्या सागात बसले. रोस्नाह मागे बसली. आंटी कशाला, असं कुणीतरी विचारलं, तर चेगूंनी हसून सांगितलं की नवऱ्याचं कौतुक बघायला जवळची जागा पाहिजे.

डाव्या खांद्याला बोट, ब्रेक. उजव्या खांद्याला बोट, ब्रेक. एकाही खांबाला गाडी लागली नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या. चेगू उतरले तेव्हा पाठ घामानं भिजली होती आणि ती उन्हामुळे भिजली असं त्यांनी दाखवलं.

मग नवी गाडी. तीत एकट्यानंच बसायचं होतं. चेगूंनी मनात कलमा म्हटला आणि गाडी पुढे घेतली. पहिल्याच वळणावर सीटनं डाव्या खांद्याला हलकेच हलवलं. त्यांचा पाय आपसूक ब्रेकवर गेला, आणि मान वळवून बघतात तर छत्रीवाली बाई तिथेच. मग पुढचं वळण, मग त्याच्या पुढचं. गाडी न चुकता सांगत गेली आणि चेगू ऐकत गेले. कितीतरी महिन्यांनी ते एकटे गाडी चालवत होते, बायकोला न राबवता, जीव मुठीत न धरता. त्यांचे डोळे भरून आले. कुणाला दिसू नये म्हणून शेवटच्या खांबापाशी त्यांनी गाडी उगाच जरा वेळ थांबवून ठेवली.

ते उतरले तर सगळे गोळा झालेले. हानीमनं आदरानं विचारलं, चेगू, खांद्याला सांगणारी ही सोय खऱ्या ड्रायव्हरच्या कामाची आहे का? वरिष्ठांना ती खर्चिक वाटते, नको असेल तर आम्ही काढून टाकू. तुमच्यासारख्यांचं मतच आम्ही वर कळवणार आहोत.

चेगूंना खरं उत्तर माहीत होतं, ते ओठांवर आलंही होतं. पण पोरं बघत होती, देवेंद्रन फोनवर चित्रण करत होता, आणि शेजारी ज्यांनी जन्मभर मान दिला ते चेहरे होते.

"खऱ्या ड्रायव्हरला याची गरज नाही," चेगू म्हणाले. "ज्याचं स्वतःचं लक्ष नसतं, त्याला असले चोचले लागतात."

टाळ्या वाजल्या. हानीमनं मान हलवली. तिच्यामागे योंग अंकल उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. चेगूंनंतर गाडीत बसून बघायचं म्हणून त्यांनी आधीच नाव दिलं होतं. हानीमनं त्यांना बोलावलं, तर ते म्हणाले, राहू दे, माझं काही नाही. परतीला अंधार होईल म्हणून त्यांनी गाडी घरीच ठेवली होती; बस पकडायला ते फाटकाकडे चालू लागले. चेगूंनी त्यांना हाक मारली नाही.

घरी जाताना पपनसांच्या दुकानांमागे जागा बदलली. रोस्नाह गाडी चालवत होती. चेगूंना राहवेना. ते म्हणाले, योंगला लागलं असेल का गं? उद्या जाऊन त्याची समजूत काढतो. त्याला काय माहीत माझं.

रोस्नाहनं गाडी कडेला घेतली.

"त्याला माहीत आहे, अबांग. तुम्ही हॉस्पिटलात तपासायला गेला होता, तिथे त्यानं तुम्हाला भिंत चाचपत चालताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो घरी आला. मला गाडी त्यानं शिकवली."

रोस्नाह पुढे सांगत राहिली.

"त्याच्या स्वतःच्या गाडीवर. मी त्याचा दिवा फोडला, तर म्हणाला, फुटू दे. म्हणाला, चेगूला कळू देऊ नका, त्याला लाज वाटेल."

शेजारच्या दुकानातली बाई ओरडून गिऱ्हाईकांना पपनस चाखायला बोलावत होती. चेगू मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत राहिले. हॉटेलात कॉफी ढवळणारा तो माणूस त्यांना आठवला. एका शब्दानं त्याला चेगूंचं तोंड सगळ्यांसमोर बंद करता आलं असतं, आणि त्यानं ते केलं नव्हतं. चेगूंना आपण इतके हलकट आयुष्यात कधी वाटलो नव्हतो. माणसाला रडू येतं तेव्हा निदान मोकळं तरी वाटतं, इथे तेही येईना.

"गाडी फिरव," ते म्हणाले. "मैदानावर चल. आणि आता जागा बदलायची नाही."

रोस्नाहनं एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि गाडी फिरवली. फाटकातून सागा आत शिरली ती रोस्नाहच्या हातात, चेगू डाव्या बाजूला बसलेले. मैदानावर डबे उघडले होते, गप्पा चालल्या होत्या, त्या एकेक करत थांबल्या. योंग अंकल अर्थातच केव्हाच गेले होते. चेगू उतरले, दाराला धरून उभे राहिले, आणि सगळं सांगितलं. काचबिंदू, पपनसांची दुकानं, मागच्या सीटवरची बोटं, एकही गोष्ट राखली नाही. हानीमला म्हणाले, मघाचं मत खोटं होतं, ते खोडून टाक. ती सोय काढू नका. मी आज त्या गाडीमुळे वाचलो. योंगला मी जे बोललो ते मलाच लागू होतं. या मैदानात मी नापास झालो.

त्यांना वाटलं होतं, कुणीतरी खांद्यावर हात ठेवेल. निदान कुणीतरी म्हणेल, असू दे हो चेगू. हानीम हळू आवाजात बरं म्हणाली. पोरं जमिनीकडे बघत राहिली. देवेंद्रन मात्र त्यांच्याकडेच बघत होता, हातातला नासी लमाकच्या भाताचा पुडा तसाच उघडा धरून.

"चेगू, हे कधीपासून?" त्यानं विचारलं.

चेगूंनी सांगितलं, डॉक्टरनं या वर्षी सांगितलं, पण दिसणं त्याच्या आधीपासूनच कमी होत गेलं होतं.

"गेल्या डिसेंबरात आपण कॅमेरून हायलंड्सच्या डोंगरात गेलो. तुमची गाडी सगळ्यात पुढे होती, आणि आंटी आल्या नव्हत्या." देवेंद्रनचा आवाज अजूनही मऊच होता. "माझी पोरगी यालिनी तुमच्या गाडीत बसली होती. चेगूंच्याच गाडीतून जायचं म्हणून हट्ट केला होता तिनं. तेव्हा तुम्हाला दिसत होतं ना?"

खोटं बोलणं सोपं होतं, आणि क्षणभर जीभ त्या बाजूला वळलीही. सगळा क्लब उत्तराची वाट बघत होता. रोस्नाह गाडीला वळसा घालून त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली, पण तिनं हात लावला नाही.

"उजवीकडचं दिसत होतं," चेगू म्हणाले. "डावीकडचं नव्हतं."

देवेंद्रननं पुडा खाली ठेवला.

"घाटात दरी डावीकडे होती, चेगू," तो म्हणाला.