कूरालची उसनी पोरं

वाल्डा नोस्केचं सगळ्या जगाशी जमायचं, एक कूराल सोडून. कूराल म्हणजे तिच्या यारांबी गावापासून गव्हाच्या शेतांमधून अर्ध्या तासावरचं गाव. तिथल्या माणसांनी तिचं कधी काही वाकडं केलं नव्हतं. पण त्यांचा फुटबॉलचा संघ वर्षानुवर्षं यारांबीला धूळ चारत आला होता, आणि वाल्डाला तेवढं कारण पुरेसं होतं.

शनिवार म्हणजे फुटबॉल, तोही चेंडू हाताने झेलायचा इकडचा, एवढं तिचं पंचांग. गोलखांबांच्या मागे, कुंपणाला नाक लावून ती गाडी उभी करायची. मांडीवर घोंगडी, शेजारच्या रिकाम्या सीटवर चहाचा थर्मास. त्या सीटवर पूर्वी तिचा नवरा अर्विन बसायचा. तो तरुणपणी यारांबीचा बचावपटू, आणि मैदान सुटल्यावर तिच्या जोडीचा ओरडणारा. तो गेला तरी वाल्डाने जागा बदलली नाही. यारांबीने गोल केला की ती हॉर्नवर पंजा ठेवायची आणि मैदानाभोवतीच्या सगळ्या गाड्या तिच्यामागून केकाटायच्या. गेल्या दोन मोसमांत हॉर्नला फारसं काम उरलं नव्हतं. यारांबीने एकही सामना जिंकला नव्हता.

"मग कशाला जाता दर शनिवारी थंडीत कुडकुडायला?" सिडनीच्या जावयाने एकदा विचारलं होतं. जावई रग्बीवाला. "आणि खेळ तरी कसला! चेंडू मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा गुण, हे समजलं. पण बाजूने गेला तरी एक? चुकल्याबद्दल बक्षीस?"

"चुकला तरी पोराने जीव तोडून मारलाच ना?" वाल्डा म्हणाली होती. "त्याला एक गुण दिला तर कुणाच्या बापाचं काय जातं? तुमच्यात देत नाहीत, म्हणून तर तुम्ही सगळे असे आंबट." जावयाने परत विषय काढला नाही.

मोसमातला शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता आणि समोर नेमकं कूराल. ऑगस्ट म्हणजे इकडचा हिवाळा, सकाळी गवतावर दहिवर गोठलेलं, मैदानापलीकडे कनोलाची, मोहरीसारख्या तेलबियांची, शेतं पिवळीजर्द फुललेली. वाल्डा गाडी लावून उतरली तेव्हाच तिला काहीतरी बिनसल्याचं दिसलं. नेटबॉलच्या पोरी खेळत होत्या, क्लबच्या खिडकीतून खिमा भरलेल्या मीट-पायचा वास येत होता, पण आपला कोच ब्रॉडी शिलिंग भिंतीला टेकून खाली बसला होता.

"काय झालं रे?"

"फ्लू, वाल्डा. घरंच्या घरं आडवी झालीत. सकाळपासून फोनवर फोन. अठरा लागतात, माझ्याकडे तेरा आहेत. त्यातला एक चाळिशीचा आणि एकाचा गुडघा गेलेला."

"दुसऱ्या फळीतले?"

"दुसरी फळी कुठे उरलीय आता? पोरं गेली मेलबर्नला." त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "सामना सोडून द्यावा लागणार. आणि यंदा सोडला तर लीगवाले म्हणतील, यांच्यात दम नाही, करा क्लब बंद. ते निमित्तच शोधतायत."

तेवढ्यात कूरालची बस आली. त्यांची अध्यक्षा लिअ‍ॅन प्रायर आधी उतरली. धिप्पाड बाई, दुधाच्या टँकरच्या भोंग्यासारखा आवाज. ब्रॉडीने तिला बाजूला घेऊन सांगितलं. वाल्डा मुद्दाम ऐकू येईल इतक्या जवळ उभी राहिली.

तिला हिशेब ठाऊक होता. कूराल जिंकलं तर बाद फेरीत शेवटच्या जागी बसणार होतं, हरलं तर घरी. यारांबीने सामना सोडला की ही जागा त्यांना घरबसल्या मिळत होती. आता ही बाई हसू दाबत 'अरेरे' म्हणणार, अशी वाल्डाने मनाची तयारी केली.

लिअ‍ॅन म्हणाली, "शंभर माणसं डबे घेऊन बसमागून येतायत माझी. न खेळता परत कुठे जायचं? पाच हवेत ना? थांब." आणि ती बसकडे वळून ओरडली, "यांना पाच जण कमी पडतायत! कोण जातं?"

लीगच्या नियमात उसने खेळाडू घ्यायची सोय होती, पण बाद फेरी तोंडावर असताना ती कोण वापरतं? पोरं आपापल्या बुटांकडे बघत राहिली. मग एका उंच पोराने निळी-पांढरी जर्सी डोक्यावरून काढली आणि थंडीत उघडा उभा राहिला. तो रीस मॅकअ‍ॅलिन. त्याच्यामागून त्यांच्या दुसऱ्या फळीतली चार पोरं निघाली.

हा रीस म्हणजे डेस मॅकअ‍ॅलिनचा नातू. आणि डेस म्हणजे वाल्डाचा खास शत्रू. कूरालचा सामना असला की हा म्हातारा तिच्या गाडीच्या खिडकीशी येऊन उभा राहायचा आणि शेवटचा भोंगा होईपर्यंत दोघं भांडायची. आजही आला.

"बघ वाल्डे, काय दिवस आलेत," तो कुरकुरला. "माझ्या नातवाच्या अंगात तुमची ती शेणाच्या रंगाची जर्सी!"

"सोनेरी पट्टा आहे त्याच्यावर, दिसत नसेल तर चष्मा बदल. आणि काय रे, सांगितलं असशील ना त्याला कानात, की जरा हळू खेळ म्हणून?"

डेस एरवी उलट टोला द्यायचा. या वेळी त्याने खिडकीवरचा हात काढून घेतला. "असलं बोलू नकोस," तो म्हणाला. वाल्डाला आपली जीभ जरा जास्तच सैल सुटल्याचं कळलं. तिने थर्मासच्या झाकणात चहा ओतून खिडकीतून पुढे केला. त्याने घेतला.

सामना सुरू झाला आणि तिने पहिल्यापासून रीसवर डोळा ठेवला. पोरगा हातचं राखून खेळतोय का, हेच तिला बघायचं होतं. सामन्याच्या चार पावांपैकी पहिल्यातच त्याने आपल्याच, कूरालच्या कप्तानाला असं आडवं केलं की तो चिखलात घसरत गेला. दुसऱ्या पावात दोघांच्या खांद्यांवर गुडघा टेकवून त्याने हवेतून चेंडू उतरवला. बाकीची चार पोरंही जीव टाकून धावत होती. आणि त्यांना बघून यारांबीच्या तेरा जणांच्या अंगात कुठून वारं शिरलं कोण जाणे, तो गुडघा गेलेलासुद्धा पळायला लागला. वाल्डाचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. डेस कानात बोटं घालून शिव्या देत होता, आणि नातवाने गोल मारला की अर्धी शिवी गिळून टाकत होता.

चौथ्या पावाच्या अखेरीला कूराल चार गुणांनी पुढे होतं. यारांबीकडून कुणीतरी आंधळा लांब फटका मारला. गोलासमोर पाच-सहा जणांची झुंबड उडाली, त्यातून रीस वर आला आणि त्याने चेंडू छातीशी घट्ट धरला. पुढच्याच क्षणी भोंगा वाजला.

सामना संपला होता, पण झेल भोंग्याआधीचा. असा झेल घेतला की मोकळा फटका मिळतो, म्हणजे त्याला अजून एक संधी होती. बाजूने गेला तर एक गुण आणि कूराल जिंकणार. मधून गेला तर यारांबी, आणि कूरालचा मोसम संपला.

कूरालची पोरं रेषेवर हात वर करून उभी होती आणि त्यांच्यातलं कुणीही आपल्या मित्राकडे बघून ओरडत नव्हतं. रीसने मोजे वर ओढले. मग त्याने कुंपणाकडे, आजोबाकडे पाहिलं.

पोरगा चुकला तरी आपण त्याला दोष देणार नाही, हे वाल्डाला तेव्हाच, तिथेच कळलं. त्याने इथवर आणलं होतं, तेही पुष्कळ होतं.

डेसने कुंपणाची वरची नळी दोन्ही हातांनी धरली. "नीट मार, बाळा!" तो ओरडला. आवाज मध्येच चिरकला. "जसा मारतोस तसा मार!"

रीस धावला. चेंडू उंच गेला, वाऱ्याने जरा डावीकडे झुकला आणि गोलखांबावर बसलेले गुलाबी काकाकुवा एकदम फडफडून उडाले. पांढऱ्या टोपीतला गोलपंच मधोमध येऊन उभा राहिला आणि त्याने दोन्ही हातांची बोटं पुढे केली. गोल!

वाल्डा हॉर्न वाजवायला विसरली. तिच्या वाटचा इतरांनी वाजवला. तिने पाहिलं, रीस जागच्या जागी खाली मान घालून उभा होता, आनंद करावा की नाही हे न कळून. पहिल्यांदा त्याच्याकडे गेला तो चिखलात लोळलेला कूरालचा कप्तान. त्याने रीसचे केस विस्कटले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मेल्या, सरावाला कधी असा मारत नाहीस!" मग पोरं हसली, आणि मग कुठे यारांबीच्या पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं.

वाल्डा गाडीतून उतरली. डेस नाक शिंकरत होता.

"डेस," ती म्हणाली, "आभारी आहे रे."

"माझे कसले आभार? घरी त्याची आजी आठवडाभर माझ्याशी बोलणार नाही. बाद फेरीसाठी नवा कोट आणला होता तिने."

"कोट घालून माझ्याकडे चहाला आण तिला."

डेसने तिच्याकडे संशयाने पाहिलं, आणि मग होकाराची मान हलवली.

पुढच्या रविवारी कूरालच्या क्लबात मोसम संपल्याचं जेवण होतं. वाल्डा मलई भरलेले दोन केक घेऊन, न बोलावता गेली. आत शिरताना पाय जड झाले होते. त्यांच्यातही सगळे खूश नव्हते. लिअ‍ॅनला त्या आठवड्यात बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं, आणि कोपऱ्यातले दोघे-तिघे अजून तोंड फुगवून बसले होते. लिअ‍ॅननेच तिला पुढे ओढलं. "बोला मिसेस नोस्के. आम्हाला नावं ठेवायची असतील तर आजच ठेवून घ्या."

लोक हसले. वाल्डाने घरून काय काय ठरवून आणलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ.

"माझा अर्विन दवाखान्यात होता तेव्हाची गोष्ट," ती म्हणाली. "पेरणीचे दिवस, जमिनीत ओल, आणि मी शहरात त्याच्या उशाशी. घरी आले तर सगळं रान पेरलेलं. आमच्या यारांबीच्या क्लबच्या पोरांनी येऊन पेरलं होतं, मला विचारलंसुद्धा नाही. अर्विनला मी ते सांगितलं तेव्हा तो हसला. त्याचं शेवटचं हसणं ते." तिने हातातले केक टेबलावर ठेवले. "त्या क्लबाचा मी जन्मभर जयजयकार केला, तो काही जिंकतो म्हणून नाही. गेल्या शनिवारी तो बंद पडत होता. तुम्ही तो पडू दिला नाहीत, आणि त्यासाठी स्वतःचा घास सोडलात. मी तुम्हाला आयुष्यभर खूप बोलले. पुढेही बोलेन, सवय जायची नाही. पण हे माझ्या लक्षात आहे, एवढंच सांगायला आले."

मग तोंड फुगवलेल्यांपैकी एकाने खुर्चीवरूनच विचारलं, "त्या केकात मलई आहे का जॅम?"

"दोन्ही."

"मग कापा की! बघत काय बसलात?"

रीसने ताटल्या आणल्या. डेसने शेजारची खुर्ची पायाने सरकवून दिली, त्याच्या बायकोने वाल्डाच्या ताटात भाजलेल्या मटणाचे दोन जाड तुकडे वाढले, आणि वाल्डा कूरालच्या मधोमध बसून पोटभर जेवली.

यारांबीचा क्लब पुढच्या मोसमातही मैदानात उतरला. तीन सामने जिंकला, बाकीचे हरला. वाल्डा सगळ्यांना हजर होती.