निळ्या टपरीत दिलेला शब्द

मित्रांनो, दक्षिण स्वीडनमधल्या एका लहान गावात, कापडाच्या दुकानामागच्या अंगणात मी उभी आहे. मी एक जुनी लाकडी टपरी आहे. माझ्यात कधी काही विकले गेले नाही. दर चार वर्षांनी, निवडणुकीच्या आधी तीन आठवडे, मला चौकात नेऊन ठेवत आणि माझ्या खिडकीत बसून एक पक्ष गावाकडे मते मागत असे. तो मवाळ पक्ष होता. जुने जपावे, नवे हळूहळू आणावे, कर थोडे कमी करावेत, असे तो म्हणे. पण शाळा, दवाखाना आणि म्हाताऱ्यांची देखभाल गावानेच करायची, याबद्दल त्याचे दुमत नव्हते.

मला सिक्स्टन नावाच्या सुताराने घडवले. तो त्याच पक्षाचा माणूस. त्याने माझ्या फळ्या स्वतः रंध्याने गुळगुळीत केल्या आणि मला निळा रंग दिला. माझ्यासमोरच कामगारांच्या पक्षाची लाल टपरी असे. तिच्यात तागे नावाचा कागद गिरणीतला कामगार बसायचा. पहिल्याच दिवशी त्याने माझ्याभोवती एक फेरी मारली.

"घर झकास बांधलंयस रे सिक्स्टन," तो म्हणाला. "आत माणसं तेवढी चुकीची भरलीस."

"तुझ्या टपरीचं दार लागत नाही, ते बघ आधी," सिक्स्टन म्हणाला. "दुपारी येतो रंधा घेऊन." आणि तो खरेच गेला.

ते दिवस चांगले होते. आम्ही दर वेळी हरत होतो, तरी लोक येत. कॉफी पीत, दालचिनीचा पाव खात, वाद घालत आणि मत दुसऱ्याला देत.

सिक्स्टननंतर माझी जबाबदारी मायवोरकडे आली. कापडाचे दुकान तिचेच. ती चोवीस वर्षे माझ्या खिडकीत बसली. दर उन्हाळ्यात माझे छप्पर झाडायची आणि रंग उडाला की नव्या रंगाचा हात फिरवायची. तिला मुलेबाळे नव्हती. पक्ष हेच तिचे घर होते, असे म्हटले तरी चालेल.

एका निवडणुकीत स्वेआ नावाची एक म्हातारी खिडकीशी आली. तिच्या नवऱ्याला, यालमारला, विस्मरणाचा आजार होता. तो गावातल्या वृद्धाश्रमात राहत होता आणि ती रोज चालत जाऊन त्याला जेवण भरवत असे.

"वृद्धाश्रम बंद करणार म्हणतात. खरं आहे का गं?" तिने विचारले.

मायवोरने तिचा हात हातात घेतला. "स्वेआ, मी इथे बसलेय तोवर बंद होणार नाही."

मित्रांनो, हे ती मनापासून बोलली. मी साक्षीला होते.

त्या वर्षी आम्ही जिंकलो. नगरसभेत एका मताने का होईना, सत्ता आली. मायवोर निवडून आली. पण हिवाळ्यात पक्षाचा नवा पुढारी क्रिस्तर तिला भेटायला या अंगणात आला. ती माझ्यात झेंडे रचून ठेवत होती. क्रिस्तर वाईट माणूस नव्हता. तोही थकलेला दिसत होता.

"परिचारिका मिळत नाहीत, इमारतीला बुरशी लागलीय," तो म्हणाला. "वृद्धाश्रमावर पैसा घातला तर शाळा जाते. शेजारच्या शहरात नवा आश्रम आहे. सगळ्यांना तिकडे हलवू."

"मी शब्द दिलाय, क्रिस्तर."

"तू दिलास. पक्षाने नाही दिला."

"टपरीवर नाव पक्षाचंच होतं ना?"

क्रिस्तर म्हणाला, "तुझं एक मत फिरलं तर सत्ता गेली. वीस वर्षं कशासाठी बसलीस मग?"

मायवोर हातातल्या झेंड्याची पुन्हा पुन्हा घडी करत राहिली.

नगरसभेच्या बैठकीत वृद्धाश्रम बंद करण्याच्या ठरावाला तिने हात वर केला. ठराव एका मताने मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी तागे अंगणात आला. तो आता म्हातारा झाला होता आणि नगरसभेत विरोधी बाकावर बसे. नेहमीसारखी थट्टा त्याने केली नाही.

"इतकी वर्षं तुझ्याशी भांडलो, मायवोर. काल पहिल्यांदा तुझी कीव आली," एवढेच बोलून तो गेला.

स्वेआला ही बातमी वर्तमानपत्रातून कळली. मायवोर तिच्याकडे गेलीच नाही. जायला धीर झाला नाही. फेब्रुवारीत यालमारला पंचेचाळीस किलोमीटर लांब नेले. नव्या जागी तो दिवसभर आपल्या खोलीचे दार शोधत फिरायचा, असे लोक सांगत. स्वेआ आठवड्यातून दोनदा, दोन बस बदलून त्याच्याकडे जाऊ लागली. दुकानात मायवोरची कात्री चुकू लागली. कापड आखूड कापले जाई आणि ती गिऱ्हाइकाची माफी मागत राही.

चार वर्षांनी मला पुन्हा चौकात नेले. मायवोर खिडकीत बसली होती. स्वेआ आली. कॉफीचा पेला तिने हातानेच बाजूला सारला.

"तू म्हणाली होतीस, मी बसलेय तोवर बंद होणार नाही," ती शांतपणे म्हणाली. "तू तर अजून बसलेली आहेस."

ती बसथांब्याकडे निघून गेली. मायवोर उठली. तिने खिडकी लावली, दाराला कुलूप घातले आणि किल्ली क्रिस्तरच्या हातात नेऊन दिली. त्याच दिवशी तिने पक्षाचा राजीनामा लिहिला.

पुढच्या मंगळवारी चौकातल्या बसथांब्यापाशी तिची गाडी येऊन थांबली. स्वेआ बाकावर बसली होती. मी समोरच होते, म्हणून सगळे ऐकले.

"चला, मी सोडते," मायवोर म्हणाली.

"मत नाही देणार हं मी तुला."

"मत मागायला नाही आले."

"आणि माफही केलेलं नाही."

"माहीत आहे."

स्वेआने दोन बस जाऊ दिल्या. मग ती गाडीत बसली, पण मागच्या बाकावर. यालमार वारेपर्यंत, दीड वर्षभर, दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती गाडी गेली. पुढच्या बाकावर मात्र स्वेआ कधीच बसली नाही.

आता पक्ष चौकात कापडी तंबू लावतो. माझे छप्पर गळते, फळ्यांवर शेवाळ आले आहे. मायवोर अंगणात येते, पण माझे दार उघडत नाही. मला रंग द्या, असे मी कोणालाच म्हणत नाही. एकच विनंती आहे, मित्रांनो. तुम्हीही उद्या कुठेतरी बसून कोणाला तरी शब्द द्याल. कधी तो मोडायची पाळीही येईल. तेव्हा हात वर करण्याआधी त्या माणसाच्या दारी जा आणि त्याच्या तोंडावर सांगा. सांगायला जीभ वळली नाही, तर हात खाली ठेवा.