गवत कापायच्या गाडीतला राग

त्या सकाळी शाळेत एकही वर्ग भरला नव्हता, पण सगळी शाळा मैदानावर हजर होती. मधोमध गवत कापायची गाडी उभी. तिच्याभोवती मुलं, पालक, शिपाई आणि पांढऱ्या शालीतले महाराज.

"बस, बाई," महाराज म्हणाले.

माळीणवहिनी गाडीवर बसल्या. त्यांचा नवरा, आमचा माळी, सोळा वर्षं याच आसनावर बसून मैदान राखायचा. तीन महिन्यांपूर्वी तो गेला आणि गेल्या महिन्यात मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ते काम वहिनींना दिलं. वहिनींनी चावी फिरवली, इंजिन सुरू झालं. पात्यांचा खटका ओढला मात्र, ते गचकन बंद पडलं. तेव्हापासून हेच चाललं होतं.

"आता तू," महाराजांनी भाच्याला खूण केली.

हा भाचा मेकॅनिक. गाडी तपासायला आधी हाच आला होता आणि "इंजिनात काही दोष नाही" म्हणत मामाला घेऊन आला होता. अंगानं चांगला दणकट. तो बसला, खटका ओढला आणि गाडी गुरगुरत मैदानभर फिरून आली. लोकांनी हात जोडले.

"आसन हिला नाकारतंय," महाराज डोळे मिटून म्हणाले. "गेलेला जीव रागावलाय. काय लपवतेस, बाई?"

ही युक्ती जुनी. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला आपलं चुकलेलं काहीतरी आठवतंच. माझे वडील गेले तेव्हा मलाही आठवलं होतं. वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला.

"त्या दिवशी छातीत दुखतंय म्हणाले," त्या चारचौघांत बोलून गेल्या. "मी म्हटलं, तेवढं मैदान उरकून घ्या, मग जाऊ डॉक्टरकडे."

कोणीतरी "अरेरे" केलं. माझं डोकं फिरलं.

महाराजांचा तोडगा तयारच होता: हिनं गाडीला पुन्हा हात लावू नये, काम भाच्याला द्यावं. मोठ्या बाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "सर, शनिवारी क्रीडास्पर्धा आहेत. मला गवत कापलेलं हवंय." म्हणजे वहिनींची नोकरी गेली, आणि नोकरीसोबतची मैदानामागची खोलीही.

मी विज्ञान शिकवतो. मुलं माझ्यामागे मला काडीसर म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. "मी बसू का जरा?" मी विचारलं आणि बसलोच. खटका ओढला. इंजिन बंद.

"काय हो महाराज, माळी माझ्यावरही रागावला? रोज चहा प्यायचो की आम्ही एकत्र!"

मुलं खिदळली. "नास्तिकालाही आसन..." महाराज सुरू झाले.

"असू दे, असू दे." मैदानावर रेषा आखायच्या चुन्याचं, माझ्याहून जड पोतं मी शिपायाकडून ढकलगाडीवर मागवलं. सगळ्यांना लांब उभं केलं, ब्रेक घट्ट लावला, शिपायाच्या मदतीनं पोतं आसनावर बसवलं आणि बाजूनं हात घालून गाडी सुरू केली. खटका ओढला, तरी इंजिन धडधडत राहिलं. पोतं खाली ओढलं, बंद. पुन्हा ठेवून चावी फिरवली, खटका ओढला, सुरूच.

"पोतं फार पुण्यवान दिसतंय, महाराज!"

मग मी चावी काढली आणि आसन वर उचललं. खाली बोटाएवढा स्विच होता. चालक खाली पडला तर इंजिन आणि पाती आपोआप थांबावीत म्हणून तो असतो. वजन आलं की दबतो. पण आसनाची स्प्रिंग गंजून, वाळकं गवत अडकून ताठ झाली होती. माळी शंभर किलोचा, त्याला ती दाद द्यायची. वहिनींना आणि मला, दोन काड्यांना, कशाला देईल?

"तुला हे ठाऊक होतं ना रे?" मी भाच्याला विचारलं.

"मामा म्हणाले, गप्प बस," तो मान खाली घालून म्हणाला.

महाराजांना अचानक कुठलं तरी तातडीचं बोलावणं आठवलं. गर्दीही पांगली. वहिनींची माफी मात्र कोणी मागितली नाही.

गंज घासून, तेल घालून स्प्रिंग मोकळी केली. वहिनींनी अर्धं मैदान कापलं आणि माझ्याजवळ येऊन गाडी थांबवली.

"म्हणजे ते रागावले नव्हते?"

"स्विचला राग कळत नाही, वहिनी. वजन कळतं."

"पण मी त्यांना कामाला लावलं, ते तर खरं ना? लगेच नेलं असतं तर वाचले असते?"

'नाही' म्हणणं सोपं होतं. पण मग माझ्यात आणि महाराजांत फरक फक्त शालीचा उरला असता.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "शेवटी त्यांना ज्यांनी तपासलं त्या डॉक्टरांना विचारू. उद्या मी येतो बरोबर."

"ते हो म्हणाले तर?"

"तर ते खरं असेल. आणि तेव्हाही मी शेजारी बसलेला असेन."

वाचकहो, मेलेल्याचा राग कोणी सांगू लागला तर आधी आसन उचलून बघा. आणि प्रश्न ज्याला उत्तर ठाऊक असेल त्यालाच विचारा, मग ते कितीही कडू निघो.

वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि उरलेलं मैदान कापायला घेतलं.