काठोकाठ चहा

सेइगो पोटावर आडवा पडून फ्रिजच्या तळाच्या भोकातून ज्योत बघत होता. ज्योत होती. निळी, स्थिर, हवी तशी. म्हणजे गॅस ठीक, नळी ठीक, आणि तरी फ्रिजमध्ये हात घातला की कोमट हवा. कॅम्पर गाडीतला हा जुना फ्रिज गॅसवर थंड होतो, हेच मुळात त्याला कधी पटलं नव्हतं. आगीवर म्हणे बर्फ! त्याची बायको मिचिए म्हणायची, तुम्हाला पटलं नाही म्हणून त्याचं काही अडत नाही.

आज मात्र अडलं होतं. फ्रिजमध्ये दुसरं काही असतं तर त्यानं खुशाल फेकून दिलं असतं. पण आत मिचिएचा डबा होता. तांदळाच्या कोंड्याचं आंबवण. त्यात ती काकड्या, वांगी, मुळे पुरून ठेवायची. आपल्या विरजणासारखंच ते, सासूकडून सुनेकडे आलेलं. रोज हात घालून तळापासून वर करावं लागतं. गेल्या शरदात मिचिए गेली, तेव्हापासून तो हात सेइगोचा झाला. उद्याच्या बोटीनं हाकोदातेला जायचं आणि अर्धं आंबवण लेकीला द्यायचं, असं ठरलं होतं. लेकीनं आईची दुसरी कुठलीच वस्तू मागितली नव्हती. आणि कालपासूनच्या उकाड्यात डब्याला उग्र वास यायला लागला होता.

त्यानं फ्यूज पाहिला, काजळी पुसली, बटण बंद करून पुन्हा चालू केलं. शेवटी फ्रिजला एक गुद्दाही घालून झाला.

शेजारच्या गाडीत हारागुचीबाई पीच सोलत बसल्या होत्या. मांजर घेऊन एकट्याच हिंडायच्या. दर उन्हाळ्यात बोटीची वाट बघत आओमोरीच्या रस्त्यावरच्या ह्या थांब्यावर त्यांची आणि सेइगो-मिचिएची गाठ पडायची. गुद्द्याचा आवाज ऐकून त्या आल्या. फ्रिजकडे त्यांनी बघितलंच नाही. गाडीतल्या मोरीच्या एका कोपऱ्यात पाणी साचलं होतं, ते बघितलं आणि गाडी अशी उतारावर आडवी का लावली म्हणून विचारलं.

सेइगोनं सांगितलं, सरळ लावली तर उशी उत्तरेला येते. पलंगाचं दुसरं टोक कपाटाखाली, तिथे नुसते पाय मावतात. उत्तरेला डोकं मेलेल्या माणसाचं करतात. मिचिएला ते मुळीच चालायचं नाही. हारागुचीबाईंनी मान डोलावली. त्यांनाही चालत नसे.

"मिचिएताईंचा चहाचा पेला कुठंय?" त्यांनी विचारलं.

"कपाटात. का?"

"का म्हणजे? तो काठोकाठ भरून त्या ओट्यावर ठेवायच्या आणि तुम्हाला मागे घ्या, पुढे घ्या करायला लावायच्या. ते कशासाठी वाटलं तुम्हाला?"

"चहा सांडू नये म्हणून."

हारागुचीबाई हसल्या नाहीत. "अहो, ह्या फ्रिजला गाडी सपाट लागते. आतलं पाणी आपल्याच वजनानं खाली उतरतं, गाडी कलली की ते अडून बसतं. त्यांनीच तर शिकवलं मला."

"मला नाही शिकवलं."

"तुम्ही ऐकलं असतंत?"

एका चहापायी केवढे नखरे, असं सेइगो इतकी वर्षं म्हणत आला होता, तेही चारचौघांत. आणि ती आपली हसून म्हणायची, अजून थोडं मागे घ्या. त्याचे डोळे भरून आले, तसा तो काडेपेटी शोधायच्या निमित्तानं खाली वाकला.

सुट्ट्यांमुळे थांबा गच्च भरला होता. सपाट अशी एकच जागा मोकळी होती, झाडाखाली, दोन भिंतींच्या बेचक्यात. गाडी तिथे एकाच तऱ्हेनं शिरत होती. हारागुचीबाई हळूच म्हणाल्या, उशी उत्तरेला येतेय हो. सेइगो म्हणाला, दिसतंय मला.

त्यानं फ्रिजची ज्योत विझवली, चहा केला, पेला भरला आणि ओट्यावर ठेवला. गाडी हलवायची, उठून बघायचं, पुसायचं, पुन्हा भरायचं. "अजून थोडं मागे घ्या," तो स्वतःशीच म्हणाला आणि घेतली. अखेर चहा चारी बाजूंनी काठाला सारखा टेकला. हारागुचीबाईंनी आपल्याकडचा बर्फ आणून डब्याभोवती रचला आणि बजावलं, आता आतलं पाणी उतरेपर्यंत तासभर फ्रिजला हात लावायचा नाही, मगच पेटवायचा.

तासाभरानं सेइगोनं तो पेटवला. संध्याकाळी दार उघडलं तर आतल्या पत्र्याचा बोटांना गारवा लागला. सेइगोनं बाह्या सारल्या आणि डब्यात कोपरापर्यंत हात घातला. वरचा थर उग्र झाला होता, तो काढून टाकला. मिचिए करायची तसं मूठभर मीठ आणि मोहरीची पूड घातली. तळचा कोंडा वर आला तसा तिच्या हातांना यायचा तोच वास गाडीभर झाला. लेकीला तो नक्की ओळखू येईल.

बाहेर अजून उजेड होता, पण दिवसभराच्या दगदगीनं तो दमून गेला होता. त्यानं उशी उत्तरेला ठेवली. गेल्या शरदात घरच्या पुढच्या खोलीत मिचिएची उशी त्यानंच अशी ठेवली होती.

"आजच्यापुरतं चालवून घे," तो तिला म्हणाला.

ओट्यावरचा चहा निवून गेला होता. तो सांडू नये म्हणून सेइगो अगदी हलकेच आडवा झाला.